उसावर ड्रोनने तणनाशक, बांधाला द्राक्षबाग: मारायचं का?

मिरजपूर्व_शेती

मिरज पूर्व भाग, म्हैसाळचं पाणी. साडेतीन एकर पूर्वहंगामी ऊस, को ८६०३२, लागण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातली, सरी साडेचार फुटी. उगवण चांगली आहे. तण मात्र दाटलंय: चांदवेल, माठ, घोळ, गाजरगवत, आणि पाटाच्या कडेनं लव्हाळा. भांगलणीला बायका मिळेनात, कारण याच दिवसांत फेलफुटी काढणं, डिपिंग, विरळणी अशी द्राक्षाची कामं निघतात आणि तिकडं रोज जास्त मिळतो.

गावातल्या महिला बचत गटाकडं १० लिटर टाकीचा ड्रोन आलाय. दुकानदार म्हणतो, २,४-डी आणि मेट्रिब्युझीन ही दोन तणनाशकं एकत्र करा, एकरी १० लिटर पाण्यात ड्रोननं मारा, तासाभरात रान उरकेल.

अडचण शेजारची आहे. पूर्वेला बांधाला लागून चुलत्यांची सव्वा एकर द्राक्षबाग, वाय पद्धतीची (वेली वाय आकाराच्या आधारावर). छाटणी होऊन पंचवीस दिवस झालेत, घड बाहेर पडलेत. दक्षिणेला पंधरा गुंठे पानमळा. विचारायचं ते असं: बागेपासून किती अंतर सोडलं तर चालेल? ड्रोन खालून उडवला की त्याच्या पंख्याचा वारा औषध खाली दाबतो, उडू देत नाही, हे खरं का? चुलते तोच ड्रोन डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या) फवारणीला घेणार म्हणतायत, ते चालेल का? आणि काही झालंच तर जबाबदारी कुणाची?

फवारणी_तंत्र

दादा, पहिल्या प्रश्नाआधीचं उत्तर देतो. या रानात २,४-डी ड्रोननं मारू नका. किती फूट सोडायचं हा हिशेब त्यानंतरचा.

कायद्याची बाजू आधी बघा. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारनं आधीच नोंदणी असलेली ४७७ औषधं ड्रोननं मारायला अंतरिम परवानगी दिली. ती कीटकनाशकं, बुरशीनाशकं आणि संजीवकांपुरती (पिकाची वाढ नियंत्रित करणाऱ्या औषधांपुरती) होती. तणनाशकं त्यात धरलेली नव्हती. म्हणून दुकानदारानं "आता सगळं ड्रोननं चालतं" म्हटलं तरी डब्यावरचं लेबल आणि आतली घडीपत्रिका वाचा. ड्रोनची शिफारस त्यावर छापलेली नसेल, तर नुकसान झाल्यावर तुमच्या बाजूनं बोलायला कागद राहत नाही.

आता औषध उडतं कसं. थेंबाचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. स्थिर हवेत १० फुटांवरून १०० मायक्रॉनचा थेंब खाली यायला साधारण १० सेकंद घेतो. २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटांवर तरंगत राहतो. ताशी ८ किलोमीटर वारा असेल तर १० सेकंदांत हवा २२ मीटर सरकते. चार मिनिटांत अर्धा किलोमीटर. एकरी १० लिटरमध्ये सगळं रान भिजवायचं तर थेंब बारीक करावे लागतात, आणि बारीक थेंबच उडतात. पाठीवरच्या पंपानं आपण एकरी १५० ते २०० लिटर पाणी वापरतो. ड्रोनच्या १० लिटरमध्ये तेवढंच औषध असतं, म्हणजे प्रत्येक थेंब १५ ते २० पट तीव्र. पंपाचे दोन थेंब वेलीवर पडणं आणि ड्रोनचे दोन थेंब पडणं यात हा फरक आहे.

पंख्याचा वारा औषध खाली दाबतो हे अर्धंच खरं. पिकाच्या शेंड्यापासून दोन-अडीच मीटर उंची आणि सेकंदाला ४ मीटरच्या आसपास वेग असेल तर दाब सरळ खाली येतो. वेग ६ मीटरच्या पुढं गेला की तो दाब ड्रोनच्या मागं ओढला जातो आणि थेंब मागच्या भोवऱ्यात वर राहतात. उलट बाजूही आहे. ड्रोन फार खाली, मीटरभरावर आणला, की वारा जमिनीवर आपटून आडवा पसरतो आणि बारीक थेंब बाजूला फेकतो. तुमचा ऊस अजून गुडघ्याएवढा असेल, सऱ्या उघड्या, तिथं हे जास्त होतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे वळणाची. तिथं वेग कमी होतो, ड्रोन थोडा घुटमळतो, आणि नोझल चालू राहिले तर बांधावरच सगळ्यात जास्त औषध हवेत जातं. म्हणून फेऱ्या नेहमी बांधाला समांतर, बांधाकडं तोंड करून कधीच नाही, आणि वळताना नोझल बंद.

वेळेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. "पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा मारा" असं सर्रास सांगतात. नोव्हेंबर-डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं, रात्री जमीन लवकर गार होते, तिच्याजवळची थंड हवा खाली बसते आणि वरच्या उबदार हवेचं झाकण तयार होतं. त्या थरात अडकलेले बारीक थेंब वरही जात नाहीत, खालीही बसत नाहीत. उताराच्या दिशेनं हळूहळू सरकत जातात आणि कधी दोन रानं सोडून तिसऱ्या बागेत उतरतात. सूर्य उगवून दीड-दोन तास होईपर्यंत आणि संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमारास फवारणी नको. ओल्या पाचटाचा मूठभर धूर करून बघा: धूर सरळ वर चढून विरला तर ठीक, डोक्याएवढ्या उंचीवर पट्ट्यासारखा आडवा पसरला तर त्या वेळी काहीही उडवू नका. वारा ताशी ४ ते १० किलोमीटर, एकाच दिशेनं, हे बरं. १५ च्या वर थांबायचं. अगदी शून्य वारा म्हणजे सुरक्षित असं समजू नका.

तुमच्या भागात या दिवसांत दिवसा वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. बाग पूर्वेला आहे म्हणून ती वाऱ्याच्या वर पडते, हे बरं. पण ईशान्येचा वारा औषध नैऋत्येला नेतो, म्हणजे पानमळ्याच्या अंगाला. नागवेलही रुंद पानाचीच आहे, तिलाही २,४-डी बाधतं.

ऊस_सल्ला_कृषी

वरच्या उत्तराला औषधाच्या बाजूनं जोड देतो.

२,४-डी बाजारात तीन रूपांत येतं: सोडियम सॉल्ट ८० टक्के भुकटी, अमाईन सॉल्ट ५८ टक्के द्रव आणि इथाईल ईस्टर ३८ टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं तेलकट द्रव). तिन्हींना दुकानात नुसतं "टू-फोर-डी" म्हणतात, पण फरक मोठा आहे. ईस्टरची वाफ होते. थेंब नेमका उसात पडला, वारा अनुकूल होता, सगळं बरोबर केलं, तरी दुपारच्या उन्हात पानावरून आणि मातीवरून ती वाफ उठते, आणि त्यानंतर वारा कुठल्याही दिशेला वळू शकतो. म्हणून ईस्टरला अमुक फूट सुरक्षित असा आकडा कुणी देऊ नये. द्राक्षपट्ट्यात ईस्टर कुठल्याच साधनानं वापरू नये, पंपानंही नाही. अमाईन आणि सोडियमची वाफ फारच कमी, पण थेंब उडण्याचा धोका तसाच राहतो.

द्राक्ष हे २,४-डी ला सगळ्यात हळवं असलेल्या पिकांपैकी एक आहे, कापूस आणि टोमॅटोबरोबरचं. हे औषध झाडात वाढीच्या संप्रेरकासारखं काम करतं; जिथं पेशी वेगानं वाढतायत तिथं गोळा होऊन तिथली वाढ वेडीवाकडी करतं. छाटणीनंतर डोळे फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंतचा काळ म्हणजे नुसती कोवळी वाढ. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा साधारण ३५ ते ४० दिवसांनी येतो. तुमच्या चुलत्यांची बाग पंचवीस दिवसांवर आहे, म्हणजे पुढचे तीन आठवडे तिच्यासाठी वर्षातले सगळ्यात नाजूक. आणि पूर्वहंगामी उसातली तणं तीन-चार पानांवर येतात नेमकी याच आठवड्यांत. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि द्राक्षाचं कॅलेंडर असं एकमेकांवर पडतं. खोडव्यातही तेच होतं: फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटलेल्या उसाच्या खोडव्यात तणनाशक मारायची वेळ एप्रिल छाटणीच्या फुटींवर येते. त्या वेळी नुकसान डोळ्याला कमी दिसतं, कारण बागेत घड नसतात. पण एप्रिल छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीत पुढच्या हंगामाचे घड तयार होत असतात, तिथं दणका बसला तर ऑक्टोबरात वांझ फूट दिसते आणि कारण कुणालाच आठवत नाही.

तुमच्या रानासाठी माझा सल्ला असा. बागेच्या आणि पानमळ्याच्या अंगानं किमान दहा-बारा सऱ्यांचा पट्टा पूर्ण भांगलणीवर ठेवा. साडेतीन एकरांतली तेवढीच जागा भांगलायची म्हटली तर चार-पाच बायकांचं दोन दिवसांचं काम आहे, तेवढ्या मिळतात. आतल्या रानात नुसतं मेट्रिब्युझीन, पाठीवरच्या पंपाला हूड (नोझलभोवतीची टोपी) लावून सरीत मारा. नोझल तणनाशकाचा, चपटा फवारा देणारा, जमिनीपासून दीड फुटाच्या आत. दट्ट्या जोरात मारायचा नाही, दाब वाढला की थेंब बारीक होतात. मेट्रिब्युझीनची वाफ नगण्य आहे आणि उडून पडलं तरी पडल्या ठिकाणी डाग देतं, वेलीभर पसरून शेंडा वेडावाकडा करत नाही. मात्रा लेबलप्रमाणे, हलक्या रानात खालची. जमिनीत ओल हवी. वाफशावर मारलं तर काम करतं, कोरड्या ढेकळांवर वाया जातं.

लव्हाळ्याला २,४-डी चा उपयोग नाही, ते उगीच भरीला घालू नका. त्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के, एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा तीन-चार पानांवर असताना, आणि फक्त तेवढ्याच पट्ट्यांवर. चांदवेल हाच २,४-डी मागायचा खरा मोह असतो. ती आता लहान आहे, बाळभरणीच्या (उसाला पहिली हलकी माती लावायच्या) वेळी, लागणीनंतर दीड महिन्यानं, मातीखाली जाते. उरलेली हातानं उपटा. वाढून उसाला वेढली तर मग काहीच सोपं नाही, हे मान्य.

उसात आंतरपीक असेल तर, म्हणजे हरभरा, भुईमूग, फ्लॉवर, तर यातलं निम्मं गणित बदलतं. तुम्ही लिहिलं नाही म्हणून नाही असं धरलंय.

मिरजपूर्व_शेती

आंतरपीक नाही. २,४-डी चा विचार सोडला. हूड लावून मारतो, पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या अंगानं भांगलण.

पण आमच्या शिवारात बाकीचे ड्रोननं मारणारच आहेत, एकदोघांनी नावं दिलीत. बागेत परिणाम झालाय हे ओळखायचं कसं, आणि झाल्यावर काय करायचं? आणि चुलत्यांच्या फवारणीचं राहिलं.

तासगाव_बागायत

ओळख सांगतो, कारण यात फार गल्लत होते.

२,४-डी चा परिणाम शेंड्याकडच्या नवीन पानांवर दिसतो, जुन्या तयार पानांवर नाही. पान पसरायचं सोडून अरुंद होतं, पंख्यासारखं. कडेचे दाते लांब, टोकदार होतात. शिरा जवळजवळ येऊन समांतर धावतात, मधला हिरवा भाग आक्रसतो. शेंडा आणि बाळ्या (वेलीचे तणावे) पिळवटतात. दोन-चार दिवसांत सुरुवात, दोन आठवड्यांत पूर्ण चित्र. फुलोऱ्यात असेल तर गळ आणि लहान-मोठे मणी.

यासारखं दिसणारं पण वेगळं: थ्रिप्सनं (फुलकिड्यांनी) पान वाकडं होतं, पण त्यावर तपकिरी ओरखडे असतात. जस्ताच्या कमतरतेत पान लहान राहतं आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो, देठाजवळची खाच उघडी होते, आणि ते बागेत ठिकठिकाणी असतं. अॅट्राझीन हे तणनाशक मुळातून लागलं तर जुनी पानं शिरांमधून पिवळी पडतात. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक लागलं तर फुटी बारीक, पिवळट, बाणाच्या टोकासारख्या, आणि बऱ्याचदा पुढच्या छाटणीनंतर. उडालेल्या औषधाची सगळ्यात भक्कम खूण पानात नसते, रानाच्या नकाशात असते: बांधाकडच्या ओळी जास्त, आत जाल तसं कमी, आणि मध्ये झाडांची किंवा शेवऱ्याची आड असेल तर तिच्या मागं वेली चांगल्या. वाऱ्याच्या दिशेशी हे जुळलं तर शंका राहत नाही. बांधावरचं माठ, शेवगा, पपई असलं काही असेल तर त्याचीही पानं बघा.

झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत कागद तयार व्हायला हवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज, पोच घेऊन, प्रत ग्रामपंचायतीला. त्यात फवारणीची तारीख, वेळ, कुणाच्या गटात, कुठलं औषध, वाऱ्याची दिशा. फोटो ओळ क्रमांकानं, बांधापासून आतपर्यंत क्रमानं, जवळून आणि लांबून दोन्ही. दर पाचव्या ओळीतली एक वेल फीत बांधून ठेवा म्हणजे नंतरच्या पाहणीत तीच वेल दाखवता येते. पानांचे नमुने शेंड्याकडचे, बाधित आणि निरोगी वेगळे, कागदी पिशवीत, थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत. उशीर झाला तर अंश सापडत नाही आणि सापडला नाही म्हणजे नव्हताच असा अर्थ काढला जातो. नमुना पंचांसमोर काढा. एकट्यानं काढलेल्या नमुन्यावर समोरचा बोट ठेवतो.

निर्यातीची बाग असेल, ग्रेपनेटवर (निर्यातीच्या बागांच्या सरकारी नोंदणीत) नोंदलेली, तर घडांची अंश तपासणी आणखी महत्त्वाची. जे औषध तुम्ही मारलंच नाही त्याचा अंश तुमच्या मालात सापडला तर माल तुमचाच अडकतो. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडं अंश तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. नमुन्याची पद्धत तिथून आधी विचारून घ्या.

उतारा कुठलाच नाही. दुकानदार अमिनो, सीवीड, जीए असलं काय काय देतील. बाधित वेलीवर संजीवकांचे आणखी मारे करू नका. पाणी नियमित, खत बेताचं, जोराची शेंडा खुडणी नको, निरोगी नवीन पानं येऊ द्या. हलका परिणाम असेल तर वेल सावरते. गेलेलं सेटिंग (मणी धरणं) परत येत नाही.

ड्रोनताई_वाळवा

गटाच्या ताईंसाठी आणि तुमच्या चुलत्यांसाठी लिहिते. बागेला धोका नुसत्या हवेतून नसतो, ड्रोनच्या टाकीतूनही असतो.

काल उसात तणनाशक, आज द्राक्षात बुरशीनाशक, मधे टाकी पाण्यानं विसळली, एवढ्यानं भागत नाही. २,४-डी रबरी नळ्यांत, पंपाच्या पडद्यात, गाळणीत आणि नोझलच्या सांध्यात मुरतं, आणि पुढच्या औषधातल्या चिकटद्रव्यानं सुटून बाहेर येतं. नियम असा ठेवा की तणनाशकाला ज्या टाकी-नळ्या-नोझल लागल्या त्या द्राक्ष, पान, भाजीपाल्याकडं कधीच न्यायच्या नाहीत. दुसरी टाकी आणि नळ्यांचा संच घ्या, त्यावर लाल रंगानं मोठ्या अक्षरात लिहा. पंप मात्र ड्रोनवरच असतो, म्हणून खरं तर द्राक्षपट्ट्यातल्या गटानं तणनाशकाचं काम घेऊच नये. पैसे बुडतील असं वाटतं, पण एका बागेची भरपाई गटाच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त होईल.

धुवायचंच झालं तर क्रम असा: उरलेलं औषध त्याच रानात संपवायचं. टाकीत पाणी भरून नोझल चालू करून बाहेर काढायचं, तेही त्याच रानात. मग साबणाच्या पावडरचं पाणी, पाच-दहा मिनिटं फिरवून. मग १० लिटर पाण्यात १०० मिली घरगुती अमोनिया, नळ्या-नोझल भरून रात्रभर तसंच. सकाळी काढून साध्या पाण्यानं दोनदा. गाळण्या आणि नोझल काढून वेगळ्या त्याच द्रावणात बुडवायच्या. धुतलेलं पाणी विहिरीकडं, ओढ्याकडं, पाटात जाऊ द्यायचं नाही. अमोनिया आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

औषध कालवताना हातमोजे, चष्मा, एप्रन. ड्रोनमुळं फवारणाऱ्याचा त्रास खरोखर कमी होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. उंच उसात शिरून पंप मारणाऱ्या माणसालाही तोच धोका आहे, तोंडावरच फवारा येतो. ड्रोन त्याला रानाबाहेर काढतो. पण मग सगळं विष कालवणाऱ्या एका बाईच्या हातातून जातं, तेही २० पट तीव्र आणि दिवसात दहा-पंधरा वेळा. साधे पातळ प्लॅस्टिकचे मोजे फाटतात, नायट्राइलचे जाड घ्या. साडीवर कालवू नका. ओली साडी अंगाला चिकटून राहिली तर औषध कातडीतून जातं. त्या कपड्यांची धुणी घरच्या धुण्यात मिसळायची नाही. मळमळ, डोकं दुखणं, घाम, अंधुक दिसणं यातलं काही झालं की काम थांबवून १०८ ला फोन आणि औषधाचा डबा बरोबर. डॉक्टरांना डब्यावरून उपचार ठरवता येतो.

जबाबदारीचं विचारलंत. गटानं हे कागद हाताशी ठेवावेत: ड्रोनचा नोंदणी क्रमांक, चालवणाऱ्या ताईचं रिमोट पायलट प्रमाणपत्र, आणि विमा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलोचा ड्रोन "स्मॉल" वर्गात येतो, आपले फवारणीचे बहुतेक ड्रोन यातलेच. प्रमाणपत्राला दहावी पास आणि वय १८ लागतं, ते १० वर्षं चालतं. त्रयस्थ विमा सक्तीचा आहे, पण पॉलिसीत एक गोष्ट लेखी विचारा: ड्रोन पडून झालेली इजा धरलीय, का उडालेल्या औषधानं झालेलं पिकाचं नुकसानही? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दुसरी नसेल तर ते ओझं गटावर येतं. केंद्राच्या कार्यपद्धतीप्रमाणे फवारणीची माहिती २४ तास आधी ग्रामपंचायतीला, कृषी अधिकाऱ्यांना द्यायची असते. प्रत्यक्षात कुणी देत नाही. आपण द्या, आणि शेजारच्या चारी बांधांना फोनही करा.

शेतकऱ्याकडून प्रत्येक कामाआधी अर्ध्या पानाचा कागद सही घेऊन ठेवा: गट नंबर, पीक, औषधाचं नाव आणि बॅच, मात्रा, चारी बाजूंची पिकं. औषध शेतकऱ्यानं आणलेलं असलं तरी लेबल आपण वाचायचं. नको असेल तर "हे आम्ही मारत नाही" म्हणायचा हक्क गटाला आहे.

नमो ड्रोन दीदी योजनेत गटाला किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख, मिळतात. उरलेल्याचं कर्ज असतं. त्या हप्त्याच्या दडपणाखाली येईल ते काम घेतलं जातं, हा खरा धोका आहे. ज्या बाया भांगलणीच्या रोजावर जातात त्याच गटात असतात. ड्रोननं तणनाशक मारलं की पहिला रोज त्यांचाच जातो. गटानं हा विचार बैठकीत उघड करावा. आमच्या भागात ड्रोनला तणनाशकाशिवायही पुरेसं काम आहे: आठ फुटी उसात तांबेरा, तपकिरी ठिपके, पोक्का बोईंग हे रोग, जिथं माणूस शिरूच शकत नाही, तिथं ड्रोनचा खरा उपयोग. लोकरी माव्याला मात्र सरसकट फवारणी नको. तो पानाच्या खाली असतो, आणि त्याला खाणाऱ्या डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस त्याच पानावर असतात, त्या आधी मरतात.

फवारणी_तंत्र

चुलत्यांच्या डाऊनीचं उत्तर थोडक्यात. ड्रोनवर विसंबू नका. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूनं, रंध्रांतून आत शिरते. ड्रोनचं औषध वरून पडतं, वरची पानं भिजतात, खालची बाजू आणि घड कोरडे राहतात. वाय पद्धतीत मधली बोळ मोकळी असते म्हणून मांडवापेक्षा थोडं बरं, पण ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरची बरोबरी नाही. शिवाय तारा, अँगल, वरची जाळी. पावसानं चिखल झाला, ट्रॅक्टर बागेत शिरत नाही आणि डाऊनीचं वातावरण आहे, अशा दोन दिवसांच्या अडचणीत आंतरप्रवाही (झाडात भिनणाऱ्या) औषधाचा एक हात ड्रोननं मारणं समजण्यासारखं आहे. तेही वर ताईंनी सांगितलेली टाकीची खात्री असेल तर, आणि औषधाला परवानगी असेल तर.

मिरजपूर्व_शेती

ताई, सर, उपयोग झाला. गटाच्या ताईंना हे वाचून दाखवतो. शेवटचं: पुढं उंच उसात तांबेऱ्यासाठी त्यांच्याकडूनच मारून घ्यायचं झालं, तर बागेकडं काही जात नाही हे आधी कसं तपासायचं? आणि ड्रोनचं सेटिंग बरोबर आहे हे मला कसं कळावं?

फवारणी_तंत्र

सेटिंगचा हिशेब तोंडी करता येतो. फवाऱ्याची रुंदी मीटरमध्ये गुणिले वेग मीटर प्रतिसेकंद गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला किती चौरस मीटर. ४ मीटर रुंदी, ४ मीटर वेग: मिनिटाला ९६० चौरस मीटर. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वाचार मिनिटं. १० लिटर त्यात संपायचे तर चारही नोझल मिळून मिनिटाला २.४ लिटर, एकाचं ६०० मिली. ड्रोन जमिनीवर ठेवून, पंखे काढून किंवा बंद ठेवून, साध्या पाण्यावर प्रत्येक नोझलखाली बाटली धरा, एक मिनिट मोजा. एखादा नोझल बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी-अधिक देत असेल तर बदला. फिरत्या चकतीचे नोझल असतील तर ॲपमध्ये थेंबाचा आकार मोठा ठेवा. चकतीचा वेग वाढला की थेंब बारीक होतो.

औषध कालवायच्या आधी बाटलीत चाचणी घ्या: अर्धा लिटर पाण्यात ड्रोनच्याच तीव्रतेनं, आधी भुकटी, मग दाणेदार, मग एससी (दाट द्रव), मग ईसी, शेवटी चिकटद्रव्य. अर्धा तास ठेवा. गाळ बसला, दही झाल्यासारखे कण आले, वर तवंग आला तर ते मिश्रण टाकीत जाऊ नये. तुमच्याकडं बोअरचं क्षारी पाणी असेल तर म्हैसाळ कालव्याचं घ्या, हौदात रात्रभर निवळून आणि फडक्यातून गाळून. उन्हाळ्यात आणि वाऱ्यात बारीक थेंब वाटेतच सुकतो, म्हणून तापमान ३२ च्या वर गेलं की थांबा.

बागेकडं जातं का, यासाठी पिवळा कागद मिळतो, थेंब पडला की तिथं निळा डाग उमटतो. औषधाच्या दुकानात नसेल तर मागवून घ्या. महाग वाटला तर पांढरा जाड कागद आणि टाकीत साधं पाणी अधिक खायचा लाल रंग. बांधावर, बागेच्या पहिल्या ओळीत, पाचव्या ओळीत आणि दहाव्या ओळीत, काठीला कागद टाचून, वेलीच्या शेंड्याएवढ्या उंचीवर लावा. पानमळ्यातही तीन-चार लावा. मग निव्वळ पाण्यानं, खऱ्या उंचीवर आणि खऱ्या वेगानं, बांधाकडच्या चार फेऱ्या मारायला सांगा, आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. बागेतल्या कागदावर एकही डाग उमटला तर त्या दिवशी बांधाकडचा पट्टा सोडून द्यायचा. कागद ओल्या बोटांनी धरू नका आणि दव असताना लावू नका, दवानंच निळे होतात.